धाकूची चौकशी

सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, बांधायच्या दिवशी चुरींच्या घरात भांडण काढायचं नाही, असा मंदाबाईंचा कायदा होता. कायदा त्यांनीच केलेला आणि बहुतेक वर्षी पहिल्यांदा मोडायच्याही त्याच. यंदाही ओटीवर चटया अंथरून होतात न होतात तोच त्यांनी लेकीला, विनिताला, ऐकवलं की विरारच्या फ्लॅटात राहून तुझे हात मऊ पडलेत, ही गाठ पोस्टात पोचायच्या आधीच सुटेल. विनिता म्हणाली, "मग ज्याची गाठ सुटत नाही त्याला बोलाव." सगळे खाली मान घालून सुकेळी निवडू लागले.

ज्याची गाठ सुटत नसे तो धाकटा, उमंग. घर निर्मळला, त्याचं काम वालीवला, आणि निर्मळहून वालीव म्हणजे काही काशी-रामेश्वर नव्हे; जेवून निघालेला माणूस चहाला परत येतो. पण वडिलांचं पुस्तक छापून आल्यापासून उमंगने या घरात पाऊल टाकलं नव्हतं. कार्तिकात निर्मळच्या जत्रेला तो यायचा, देवळापाशी आईला भेटायचा आणि तिथूनच माघारी फिरायचा. घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं.

पुस्तकाचं नाव 'उलटा पाट'. त्याने आत्माराम चुरींना घराघरात नेलं आणि त्यांच्या धाकट्याला घरातून बाहेर काढलं. परीक्षेत नापास झालेला एक मुलगा, धाकू, ते घरी सांगत नाही. रोज आईच्या हातचा डबा घेऊन कॉलेजला म्हणून निघतो आणि समुद्रावर सुरूच्या झाडांखाली दिवस काढतो. शेवटच्या पानावर तो घर सोडतो आणि कादंबरी तिथेच संपते. महाराष्ट्राने डोळे पुसले. निर्मळच्या लोकांनी मात्र डोळे पुसण्याआधी ओळखलं की कळंबच्या किनाऱ्यावर सुरूंखाली डबा घेऊन बसायचा तो कोण. उमंगला पोरं धाकू म्हणून हाका मारू लागली. मुलगी बघायला गेला तर तिच्या मामाने चहा देता देता विचारलं, "ते पुस्तकातले तुम्हीच ना?" त्यानंतर त्याने बॅग भरली.

आणि तेव्हापासून पत्रं. लातूरहून, चंद्रपूरहून, कुडाळहून. शिक्षिकांची, तुरुंगातल्या एका वॉर्डरची, आणि कादंबरी कॉलेजच्या अभ्यासक्रमाला लागल्यापासून 'सर, परीक्षेला हमखास येणारे प्रश्न कळवावेत' अशी मुलांची. बाकी सगळ्यांचं विचारणं एकच. धाकूचं पुढे काय झालं? तो घरी आला का?

आत्मारामअण्णा वाचकांना दोन ओळींच्या वर लिहीत नसत. 'आपले पत्र मिळाले. आनंद झाला.' लेखकाने पुस्तकाबाहेर बोलू नये, असं त्यांचं मत होतं, आणि भाषणांतून ते तासतासभर हेच सांगत. हात थरथरायला लागला तशी त्यांनी तीही कटकट सुनेवर, विनयावर, सोपवली. महिन्याच्या सुरुवातीला कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून गठ्ठा विनयाच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, "पोच देऊन टाक."

विनया शाळेत मराठी शिकवायची. पोच देणं तिला जमेना. दुपारी ती सासूला पत्रं वाचून दाखवायची. मंदाबाईंनी नवऱ्याचं पुस्तक कधी हातात धरलं नव्हतं, पण पत्रं त्या डोळे मिटून ऐकायच्या. धाकूचं नाव आलं की डोळे उघडायचे. "याला एक सुकेळ्यांचं पुडकं पाठव," त्या सांगायच्या. "माझ्या पोराची चौकशी केली, त्याला रिकाम्या हाताने कशी लावू?" मग पुडक्याबरोबर दोन ओळी कशा पुरणार? विनया पानभर लिहू लागली. खाली सही अण्णांची होतीच.

सकाळ अशी सरत आली होती. विनयाचा नवरा, थोरला कौस्तुभ, बँकेतून रजा काढून पुडकी बांधायची वाळलेली पानं पुसत होता आणि आपण किती पुसली हे पुन्हा पुन्हा सांगत होता. अण्णा आतल्या खोलीत पुढच्या आठवड्यातल्या सत्काराचं भाषण तयार करत बसले होते. तेवढ्यात फाटकापाशी टेम्पो थांबला.

एक अनोळखी गृहस्थ उतरले. पांढरा लेंगा, डोक्यावर टोपी, हातात दोरीने बांधलेला पेढ्यांचा पुडा. त्यांच्यामागे टेम्पोच्या खिडकीत स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसलेला उमंग होता. तो उतरला नाही. विनयाने ते पाहिलं आणि तिच्या हातातलं सुकेळं चटईवर पडलं. काय झालं असणार हे तिला त्याच क्षणी कळलं.

*

उमंगला वाटत होतं, आपण इथवर आलो हेच चुकलं.

सकाळी हा म्हातारा वालीवच्या त्याच्या गाळ्यात शिरला तेव्हा उमंगला वाटलं, वर्गणी मागायला आला असेल. तो स्प्रिंग मोजत होता. म्हाताऱ्याने त्याच्याकडे नीट पाहिलं, टोपी काढली आणि म्हणाला, "तुम्हीच धाकू न्हवं?"

त्या नावाने हाक मारणाऱ्याला उमंगने पूर्वी एकदा मारलं होतं. पण हा माणूस रडत होता. त्याचं नाव हरिभाऊ. साताऱ्याकडचा, एसटीत कंडक्टर होता, आता निवृत्त. आधी चहा, मग पाणी, मग त्याची गोष्ट असं करत त्याने सकाळ खाल्ली. शेवटी पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला आणि दिला. वर लेटरहेड, खाली बापाची सही. उमंगने ती सही लगेच ओळखली, प्रगतिपुस्तकावर ती घ्यायला तो भीत भीत जायचा.

पत्रात लिहिलं होतं: 'धाकू आमच्यापासून लांब नाही. वालीवला त्याचं स्प्रिंगचं युनिट आहे, चार माणसांना त्याने काम दिलं आहे. तो परत आला नाही, कारण मी त्याला बोलावलं नाही. रोज संध्याकाळी मी फाटकापर्यंत जातो, रस्त्याकडे बघतो, आणि कोणी विचारलं तर जास्वंदीला पाणी घालायला आलो होतो असं सांगून घरात परततो.'

उमंगने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि म्हाताऱ्याला म्हणाला, "चला, सोडतो तुम्हाला निर्मळला." आपण का म्हणालो हे त्याला कळलं नाही. वाटेभर म्हातारा बोलत होता आणि त्याचं लक्ष नव्हतं.

आता तो फाटकाशी होता. म्हातारा आत गेला की गाडी वळवायची आणि निघायचं, असं त्याने ठरवलं होतं. पण शेजारच्या सीटवर म्हाताऱ्याची पिशवी राहिली होती. जन्मभर लोकांच्या विसरलेल्या पिशव्या डेपोत जमा करणारा माणूस आपलीच पिशवी विसरला होता. ती घेऊन जाता येईना आणि द्यायला उतरावं असंही वाटेना. उमंग तसाच बसून राहिला.

फाटकाशेजारी जास्वंद होती. तिच्या बुंध्याशी माती ओली होती.

*

टेम्पोचा आवाज ऐकून अण्णा ओटीवर आले होते. हरिभाऊंनी आधी त्यांच्या पायांना हात लावला, मग मंदाबाईंच्या. मग बसा म्हणेपर्यंत न थांबता बोलायला लागले. धाकूसाठी कंदी पेढे आणले आहेत, नातीचं बारसं झालं त्याचे. पण तुमचा लेक घेईना, म्हणाला घरी द्या.

अण्णांना काही उमगेना. वाचक घरी यायचे, पाया पडायचे, फोटो काढायचे. हा मात्र वालीवहून आला होता, आणि फाटकाबाहेरच्या टेम्पोत कोण बसलंय ते त्यांना चष्म्याशिवायही दिसत होतं.

हरिभाऊंनी सांगितलं ते असं. शेवटच्या सीटवर कोणीतरी विसरलेलं पुस्तक त्यांच्या हाती लागलं. मुक्कामाच्या गाडीत झोपायच्या आधी त्यांनी ते वाचलं आणि त्यांना झोप आली नाही. त्यांचा मुलगाही कॉलेजला जात होता आणि त्याचा डबा रोज चाटूनपुसून स्वच्छ परत येत होता.

"दोन दिसांनी मी रजा टाकली," हरिभाऊ म्हणाले. "त्याच्या मागनं गेलो. माहुलीच्या घाटावर बसलं हुतं पोरगं. डबा माशांना घालत हुतं. तुमचं पुस्तक वाचलं नसतं, तर तिथंच कानफाटात मारली असती, देवाशपथ. आन् त्यानं नदीत उडी घेतली असती. मला त्यानंच सांगितलं मागनं, की त्या दिशी त्याच्या मनात तेच हुतं."

"मग?" मंदाबाईंनी विचारलं.

"मग काय. शेजारी बसलो. म्हटलं, भाकरी हाय का शिल्लक? दोघांनी खाल्ली. काय इचारलं न्हाई. धाकूच्या बापानं जे केलं न्हाई, तेवढंच केलं."

सगळे अण्णांकडे बघू लागले. हरिभाऊंना वाटलं, आपलं काही चुकलं. त्यांनी घाईने पत्र पुढे केलं. आता मुलगा वायरिंगची कामं घेतो, बरं चाललंय, पण तो नेहमी विचारायचा की धाकूचं काय झालं. म्हणून लिहिलं, आणि सरांनी एवढं मन मोकळं करून उत्तर दिलं.

अण्णांनी चष्मा मागितला. विनया आत गेली, चष्मा आणला, त्यांच्या हातात दिला आणि तिथेच उभी राहिली. "अण्णा, ते मी लिहिलंय," ती म्हणाली. "फक्त सही तुमची."

मग कायदा मोडला तो विनिताने. तिचा आवाज चढला. अण्णांच्या नावाने परक्या माणसाला घरातलं लिहायचं? सत्कार तोंडावर आलाय, उद्या हे कोणी छापलं तर? आत्ताच्या आत्ता या काकांना सांगून टाका की पत्र खरं नाही. कौस्तुभ इतका वेळ पान पुसत होता. बायकोची बाजू घ्यावी की बहिणीची हे त्याचं ठरत नव्हतं, म्हणून त्याने दोघींची अर्धी अर्धी घेतली: विनयाने विचारायला हवं होतं हे खरं, पण विनिताने पाहुण्यांसमोर बोलू नये हेही खरं. अशी बाजू घेतली की दोघी रागावतात, हे त्याला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

"तिला कायको बोलता?" मंदाबाई म्हणाल्या. "मना वाचून दाखवलं तिनं. मी सांगितलं, पाठव. बोलायचं तर मना बोल."

"आई, तू?"

"मीच. वाळूचं कोनी सांगितलं होतं यांना? पोराच्या डब्यात वाळू येते, ते मी सांगितलं. माझा नवरा म्हनून सांगितलं. यांनी छापलं. मंग आता माझ्या सुनेनं यांचं छापलं, तर काय बिघडलं?"

हे बोलताना त्यांचे हात चालूच होते. सुकेळी पानात ठेवली, पान दुमडलं, केळीच्या सोपाची दोरी फिरवली, गाठ मारली. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. हे वाक्य त्यांनी पुस्तक आलं तेव्हापासून जपून ठेवलं होतं, आणि ते असं परक्या माणसासमोर सुटेल असं त्यांना वाटलं नव्हतं. बोलून झाल्यावर त्यांना हलकं वाटलं आणि थोडी भीतीही वाटली.

हरिभाऊ बिचारे पुडा मांडीवर धरून बसले होते. लेखकाच्या घरी आलो की भाऊबंदकीत, हे त्यांना कळेना.

*

अण्णा पत्र वाचत होते.

मजकूर चांगला होता, ही पहिली गोष्ट त्यांच्या लक्षात आली, आणि त्याचा त्यांना रागही आला. मग ते जास्वंदीच्या ओळीवर आले. हे कोणी पाहिलं? कधी? ते तर संध्याकाळी सगळे आपापल्या कामात असताना जात. हातात तांब्या असायचा. जास्वंदीला पाणी लागतंच की. कोणाला सांगायची गोष्टच नव्हती ती.

आणि ती साताऱ्यात वाचली गेली होती. एसटीच्या कंडक्टरने वाचली, त्याच्या मुलाने, सुनेने वाचली असेल. हा समोर बसलेला माणूस, ज्याचं आडनावही त्यांना माहीत नव्हतं, त्यांच्याकडे मायेने बघत होता आणि ती माया त्यांना सोसवत नव्हती. आपल्याला न विचारता आपल्यावर लिहिलं गेलं, आणि जे लिहिलं ते खरं होतं. खोटं असतं तर फेटाळता आलं असतं.

जन्मभर त्यांनी लोकांवर लिहिलं. आपल्यावर लिहिलेलं वाचताना कसं होतं, ते त्यांना या वयात, भर दुपारी, स्वतःच्या ओटीवर कळलं. त्यांना उमंगची फार आठवण झाली, आणि उमंग तर समोरच होता.

"अण्णा, सांगता ना यांना?" विनिता म्हणाली.

"सांगतो," अण्णा म्हणाले आणि उठले. कौस्तुभने हात दिला तो त्यांनी घेतला नाही. चपला न घालताच ते अंगणातून फाटकाकडे निघाले. दुपारची फरशी तापलेली होती. मंदाबाईंनी पहिल्यांदाच हातातली दोरी खाली ठेवली.

उमंगने त्यांना येताना पाहिलं. अण्णा किती वाकलेत, हे त्याने जत्रेच्या गर्दीत लांबून पाहिलं होतं, जवळून पाहिलं नव्हतं. तो खाली उतरला. हातात म्हाताऱ्याची पिशवी होती, म्हणजे उतरायला कारण होतं.

फाटकाच्या दोन बाजूंना दोघे उभे राहिले. शेवटी उमंगनेच विचारलं.

"पत्र तुम्ही लिहिलंत?"

मागे ओटीवर सगळे ऐकत होते. हो म्हणाले तर पोरगा आत येईल, आणि नाही म्हणाले तर हा टेम्पो वळेल आणि पुन्हा या रस्त्याला लागणार नाही. अण्णा, हो म्हणा, असं विनया मनातल्या मनात म्हणत होती. शाळेत पोरांना खोटं बोलू नका शिकवणारी बाई.

"नाही," अण्णा म्हणाले. "तुझ्या वहिनीने लिहिलं. मला माहीतही नव्हतं."

उमंगने मान हलवली. पिशवी त्याने फाटकाच्या आकड्याला अडकवली आणि तो वळला.

"पण खरं आहे ते," अण्णा म्हणाले. "मी लिहिलं असतं, तर जास्वंदीचं लिहिलं नसतं. मला लाज वाटली असती. आत्ता वाटतेय. परक्या माणसाने वाचलं ते." ते थांबले. मग म्हणाले, "तुला असंच झालं असेल. मला कळायला हवं होतं. नाही कळलं. मी तुझ्याशी फार वाईट वागलो, उमंग."

उमंग टेम्पोच्या दारावर हात ठेवून उभा राहिला. दार त्याने उघडलं नाही. कितीतरी रात्री त्याने बापाला काय काय ऐकवायचं ते मनात जुळवलं होतं आणि आता त्यातलं काही उपयोगाचं नव्हतं. त्याला रडू येत होतं, आणि बापासमोर रडायचं नाही हे त्याने फार पूर्वी ठरवलेलं होतं.

मागून हॉर्न वाजला. केळीचे घड लादलेला एक स्कूटरवाला टेम्पोच्या मागे अडकला होता. रस्ता अरुंद, एका बाजूला वाडीचा बांध. त्याने आणखी एकदा हॉर्न दिला आणि विचारलं, "ओ, काढताय का गाडी?"

उमंगने त्याच्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे.

"गाडी आत घेऊ?" त्याने विचारलं.

अण्णा फाटक उघडायला लागले. फाटकाची एकच फळी रोजच्या वापरातली. दुसरी कित्येक वर्षांत कोणी उघडलेली नव्हती. खालचा खिळा जमिनीत गंजून बसला होता आणि वर मोगऱ्याचा वेल चढला होता. अण्णा ओढत राहिले. कौस्तुभ धावला. हरिभाऊ पेढ्यांचा पुडा मंदाबाईंच्या हातात देऊन धावले. आतून कौस्तुभ, बाहेरून उमंग, मधे कंडक्टर, आणि "हळू, मोगरा तुटेल," असं ओरडणारी विनिता, जी आधी पाहुण्याला हाकलायला निघाली होती. खिळा निघाला. फळी कुरकुरत उघडली आणि थोडा मोगरा तुटलाच.

टेम्पो आत आला. स्कूटरवाला निघून गेला.

*

चार वाजले तेव्हा उमंग चटईवर बसून गाठी मारत होता. घरात येऊन आपण कुठे बसायचं हा प्रश्न त्याला मंदाबाईंनी पडूच दिला नाही, सोपाची दोरी हातात दिली आणि म्हणाल्या, "तुझ्या बहिनीच्या गाठी सुटतात. बघ जरा." तो आणि अण्णा एकमेकांशी फारसं बोलले नव्हते. एकदा अण्णांनी स्प्रिंग कसली बनवतोस म्हणून विचारलं, उमंगने सांगितलं. एवढंच. हरिभाऊंना मधे बसवून सगळ्यांनी कंदी पेढे खाल्ले होते आणि आता हरिभाऊ गाठ मारायला शिकत होते आणि ती त्यांना येत नव्हती.

विनयाने सह्या केलेल्या लेटरहेडचा गठ्ठा आणून अण्णांसमोर ठेवला. "हे परत घ्या, अण्णा. मी चुकले. यापुढे पोचच देईन."

"पोच नको," अण्णा म्हणाले. "तुला लिहायचं तसं लिही. फक्त खाली नाव तुझं घाल. माझी सही तुझ्या मजकुराला शोभत नाही."

विनयाने गठ्ठा बाजूला सारला. विनिताने तिच्याकडे बघितलं, नाक मुरडलं आणि मग हसली.

"आणि एक," अण्णा म्हणाले. "ती लातूरची बाई. दर वर्षी विचारते, धाकू आला का म्हणून. तिचं पत्र आलंय ना?"

"परवाच आलंय."

"ते राहू दे. तिला मी लिहितो."

मंदाबाईंनी मान वर केली. "तुम्ही? काय लिहनार?"

अण्णांनी थरथरत्या हाताने कोरा कागद पुढे ओढला.

"आला," ते म्हणाले. "एवढंच."

"मंग पुडकं मोठं बांध, उमंग," मंदाबाई म्हणाल्या.